ताथवड्याची मानवणारी हवा
समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्री ओलांडताना बरेचसे बाष्प गमावलेल्या वाऱ्यांच्या पट्ट्यात वसलेल्या पुण्याजवळच्या ताथवड्याची हवा कोकणातून आलेल्यांना उन्हाळ्यातही सुखाची वाटते, कारण दमटपणा कमी असला की घाम चटकन वाळतो आणि त्याबरोबर अंगातील उष्णताही निघून जाते. नोकरीनिमित्त आलेल्या वैदर्भीयांना तर येथील मे महिनाही सुसह्य वाटतो. सवयीच्या हवेनुसार शरीराची सुखाची कल्पना बदलते, यालाच अनुकूलन म्हणतात. जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, ती कोरडी पहाट मात्र बहुतेकांना प्रिय, आणि ती जपण्याजोगीच आहे. गृहसंकुलांचे दिवसा तापलेले काँक्रीट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि तेवढा गारवा हिरावून घेते.