अभ्यासिका बांधण्यापूर्वी
(समुद्रपूर येथे संस्थेच्या सभेत केलेले भाषण)



विहाराशेजारी विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका बांधावयाची, असे आपण ठरविले आहे. अंदाजपत्रकही आले. त्यात सळाख आहे, सिमेंट आहे, फरशी आहे, पंखे आहेत. वाऱ्याचा हिशेब मात्र कोठेच नाही. आम्ही इंजिनिअर नव्हे. कला शाखेचे पदवीधर, दिवसभर बँकेत कागद पाहणारे. तरीही बोलण्याचे धाडस करीत आहोत, कारण मे महिन्यात आपल्या भागात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि स्पर्धा परीक्षेची मुले याच दिवसांत बसून वाचतात. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवीत राहतो.

विनयपिटकात धनिय नावाच्या भिक्खूची कथा आहे. हा कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळच्या डोंगरउतारावर त्याने गवताची कुटी बांधली. तो भिक्षेला गेला की गवत-लाकूड गोळा करणारे ती मोडून नेत. असे तीनदा झाले. शेवटी त्याने सगळी कुटीच मातीची केली आणि गवत, लाकूड, शेण रचून ती भाजून काढली. लालभडक, देखणी, टिचकी मारली तर घंटीसारखी वाजणारी! भगवंतांनी ती पाहिली आणि मोडावयास लावली. भाजताना किती जीव होरपळले असतील, याचा विचार धनियाने केला नव्हता. पण याच भगवंतांनी भिक्खूंना पाच प्रकारच्या निवाऱ्यांची अनुमती दिली आहे आणि त्यांत प्रासादही आहे. म्हणजे चांगले बांधण्याला त्यांचा विरोध नव्हता. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथे भिक्खूंनी पावसाचे पाणी साठविण्यासाठी खडकात पोढी, म्हणजे टाकी, खोदविल्या. ते त्या काळचे तंत्रज्ञानच होते.

आता एक अवघड गोष्ट. निसर्गाशी जुळणारे घर म्हटले की आपल्या जिल्ह्यात लोक सेवाग्रामची बापूकुटी दाखवितात. १९३६ साली गांधीजी तेव्हाच्या सेगावात राहावयास आले. माती, बांबू आणि कवेलूंची ही कुटी मूळची मीराबेन यांची. भर उन्हाळ्यात आत पाऊल टाकले की गारवा लागतो, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. परंतु आपल्या समाजाच्या आठवणीतले मातीचे घर निराळे आहे. ते गावकुसाबाहेरचे, दर पावसाळ्यात गळणारे, सारवून सारवून आईच्या हातांना भेगा पाडणारे. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट सांगितले. आपल्या माणसाने डोक्यावर स्लॅब घातला तो हौसेखातर नव्हे. ती त्याची इभ्रत आहे. तेव्हा ‘पुन्हा मातीच्या घरात चला’ असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. जे सांगतात, ते बहुधा स्वतः पक्क्या घरात राहतात.

स्लॅब राहू द्या, पण तो शहाणपणाने टाका. लॉरी बेकर (१९१७ ते २००७) या वास्तुविशारदाने केरळात हे करून दाखविले. स्लॅबच्या खालच्या भागातला ताण सळाख पेलते. तेथील काँक्रीटचा पुष्कळसा भाग नुसते वजन वाढवितो. त्या जागी सळाखांच्या चौकटीत कवेलू बसवावयाचे आणि वरून काँक्रीट ओतावयाचे. एकावर एक दोन कवेलू ठेवले तर मधल्या पोकळीत हवा राहते आणि ऊन खाली कमी उतरते. सिमेंटही वाचते. भिंतीचेही तसेच. विटा आडव्या न ठेवता काठावर उभ्या रचल्या तर भिंतीच्या पोटात पोकळी राहते आणि सुमारे चौथाई विटा कमी लागतात. कमी विटा म्हणजे भट्टीत कमी जळण. येथे आम्हांला धनिय आठवतो.

यासाठी केरळच गाठले पाहिजे असेही नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. कुंभाराने घडविलेले शंकूच्या आकाराचे कवेलू एकात एक बसवून कमानीचे छत उभारण्याची पद्धत तेथे विकसित झाली. विद्यार्थ्यांनी एकदा तेथे जरूर जावे.

पायाच्या बाबतीत मात्र काटकसर नको. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे पाडते. तेथे जाणकार इंजिनिअरच हवा. आमच्यासारख्याचे ऐकू नये.

ठेकेदाराचे म्हणणे असे की, असा स्लॅब येथे कोणी टाकलेला नाही आणि तो गळला तर जबाबदार कोण? शंका रास्त आहे. म्हणून आमची सूचना एवढीच की, आधी चपला ठेवण्याच्या लहान खोलीवर असा स्लॅब टाकून पाहावा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा. मुलांनीच थर्मामीटर लावून दोन्ही छतांखालच्या नोंदी वहीत घ्याव्यात. अभ्यासिकेला एक वर्ष उशीर होईल, हे आम्हांला ठाऊक आहे, आणि ज्यांची परीक्षा यंदाच आहे ते नाराज होतील. त्यांच्यासाठी तोवर विहाराचा उत्तरेकडचा व्हरांडा संध्याकाळी उघडा ठेवावा.

राहता राहिले कवेलू. स्लॅब टाकल्यावर आपल्यापैकी अनेकांनी जुने इंग्रजी कवेलू मागच्या अंगणात रचून ठेवले आहेत. आमच्याकडे दोनशेच्या आसपास निघतील. ज्यांना द्यावयाचे असतील त्यांनी सभेनंतर चिटणीसांच्या वहीत नाव आणि संख्या लिहावी. फुटके चालणार नाहीत.

जयभीम!