विरजण हलवू नका

मला दहा मिनिटं दिली आहेत आणि सांगायचं एकच आहे, तेव्हा ते आधीच सांगून टाकते. गॅस बंद आहे की नाही हे पुन्हा पुन्हा पाहून मनाची खात्री होत नाही, असलेली खात्रीसुद्धा जाते. हे मी आज दोन-चारदा म्हणणार आहे, कंटाळू नका. ज्यांच्यासाठी बोलते आहे त्यांच्यापैकी कुणीतरी या क्षणी रेडिओसमोरून उठून स्वयंपाकघरात गेलेलं असणार. ते परत येतील तेव्हा त्यांच्याही कानावर हे पडायला हवं.

मी घाटकोपरला समुपदेशक म्हणून काम करते. तिथली एक बाई डोळ्यांसमोर ठेवून बोलते आहे. ओळख पटेल असं काही सांगणार नाही. भटवाडीच्या बाजूला राहणारी, एका ऑफिसात हिशेब सांभाळणारी. सव्वाआठला घर सोडायचं. त्याआधी शेगडीची बटणं, मग भिंतीवरच्या पाइप गॅसचा कॉक. कॉक पाइपला आडवा म्हणजे बंद, पाइपच्या रेषेत म्हणजे चालू, हे तुम्हाला माहीत आहे. तिलाही माहीत होतं. ती आधी डोळ्यांनी बघायची, मग बोटानं दाबून बघायची, मग बर्नरवर तळहात धरून ऊब लागते का ते बघायची. मग कुलूप ओढायचं, मोजून सात वेळा. मोजताना शेजारच्या काकूंनी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून निघाली तरी स्टेशनच्या पुलावर पोचेपर्यंत मन म्हणायचं, मधलं बटण पाहिलंस का? मेट्रो झाल्यापासून तो पूल सकाळी कसा भरतो ते घाटकोपरकरांना सांगायला नको. त्या गर्दीत ही एकटी उलटी फिरायची. ऑफिसात लेटमार्कांवर लेटमार्क. आणि दोन वर्षांत ओढून ओढून कोयंड्याचे स्क्रू ढिले झाले आणि एक दिवस कोयंडाच दारातून सुटून तिच्या हातात आला.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. याच बाईला सहा महिन्यांपूर्वीच्या व्हाउचरवरची रक्कम तोंडपाठ असते. तिच्या वहीत चूक सापडत नाही. म्हणजे स्मरणशक्ती शाबूत आहे. गेला आहे तो स्मरणशक्तीवरचा विश्वास, आणि तोही फक्त शेगडी, कुलूप अशा ठरावीक ठिकाणी.

आपल्या भाषेत या आजाराला जुना शब्द आहे, मंत्रचळ. सोवळ्याओवळ्याच्या घरांत तो फिरायचा. दहादा हात धुणारी, भरलेली घागर ओतून पुन्हा विसळणारी काकू 'मंत्रचळी' ठरायची आणि हसून लोक मोकळे व्हायचे. फ्रेंच डॉक्टरांनी 19व्या शतकात याला 'संशयाचं वेड' म्हटलं. तपासत राहणाऱ्यांच्या बाबतीत मला ते जास्त नेमकं वाटतं. आज आपण ओसीडी म्हणतो, आणि तो शब्द फार स्वस्त करून टाकला आहे. 'आमच्या हिला ओसीडी आहे हो, टेबलावर धूळ चालत नाही,' असं कृपा करून बोलू नका. टापटीप हा स्वभाव झाला. इथे माणूस रडत रडत चौथ्यांदा जिना चढत असतो. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये 12 राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यात महाराष्ट्र नव्हता. प्रौढांमध्ये या आजाराचं प्रमाण शेकडा 0.8 निघालं, हजारात आठ. गर्दीच्या वेळी आपल्या एका लोकलमध्ये चार हजारांवर माणसं असतात. त्या हिशेबानं एकेका गाडीत तीसेक जण.

आता विरजणाकडे येते. तुम्ही सगळ्यांनी विरजण लावलेलं आहे. कोमट दूध, चमचाभर दही, जरासं ढवळायचं, झाकण ठेवायचं. पुढे काय करायचं? काही नाही. तेच सगळ्यात कठीण. लहानपणी मी तासातासाला झाकण उघडून चमचा घालून बघायची, लागलं का. सकाळी पातेल्यात खाली गुठळ्या आणि वर पाणी. आई पातेलं बघूनच विचारायची, 'हलवलंस ना?'

आठवणीचं अगदी तसंच आहे. बटण फिरवलं, डोळ्यांनी पाहिलं, ते मनात गेलं. आता त्याला स्वस्थ ठेवलं की ते लागतं, घट्ट होतं. तुम्ही परत जाऊन पाहिलंत म्हणजे चमचा घातलात. आता दोन आठवणी झाल्या, मघाची आणि आत्ताची. सात वेळा गेलात तर सात, आणि सगळ्या एकीत एक मिसळलेल्या. मला आठवतंय ते आजचं की कालचं? तिसऱ्या फेरीचं की पाचव्या? हे अदमुरं दही घेऊन माणूस पुलावर उभा राहतो आणि म्हणतो, मला नीट आठवत नाही, परत बघायलाच हवं.

हा माझा नुसता दृष्टान्त नाही. नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन डेन हौट आणि मेरेल किंट यांनी 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी विद्यार्थी घेतले. संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी. बटणं चालू करायची, बंद करायची, बंद झाली का तपासायचं. एका गटानं हे वीस वेळा केलं. दुसऱ्या गटानं तितक्याच वेळा दिवे तपासले. शेवटी सगळ्यांना शेगडी एकदा तपासायला लावली आणि विचारलं, या वेळी कोणती बटणं होती? दोन्ही गट सारखेच बरोबर. पण शेगडी वीसदा तपासलेले म्हणाले, चित्र धूसर आहे, खात्रीनं सांगता येत नाही. 2006 साली कॅनडात मॉन्ट्रियलला ॲडम रॅडोम्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या स्वयंपाकघरात, खऱ्या शेगडीवर हे करून पाहिलं. तिथेही पुन्हा पुन्हा तपासणाऱ्यांचा आपल्या आठवणीवरचा विश्वास घसरला. आजार नसलेल्या तरुण मुलांची ही गत, तर जी बाई बारा वर्षं रोज तपासते आहे तिचं काय होत असेल!

तेव्हा दुसऱ्यांदा सांगते. पुन्हा पाहून खात्री होत नाही, पाहूनच ती जाते.

हल्ली यातून एक नवी वाट लोक काढतात. मोबाइलवर बटणाचा फोटो काढायचा, म्हणजे लोकलमध्ये बघता येतो. युक्ती वाटते, पण तोही चमचाच. एका कॉलेजच्या मुलानं मला त्याचा मोबाइल दाखवला. खाली खाली सरकवत गेला तरी बटणं संपेनात, तीच शेगडी, तोच कोपऱ्यातला तेलाचा डाग. तो म्हणाला, 'मॅडम, फोटो काढल्यानंतर माझ्याच हातानं बटण फिरलं असेल तर?' त्याला आता फोटोचाही फोटो हवा होता.

आता मला मुख्यतः ज्यांच्याशी बोलायचं आहे ते, म्हणजे घरातली माणसं. तुम्ही प्रेमानं एक चूक करता आहात, म्हणून जरा रागावून बोलते. त्या बाईची मुलगी सातवीत. आई विचारायची, 'बंद आहे ना गं?' मुलगी म्हणायची, 'हो आई.' 'तू स्वतः पाहिलंस?' 'हो आई.' 'मधलं?' 'हो आई.' नवऱ्याला दुकानात फोन, 'घरी जाऊन बघून येता का?' तोही बिचारा जायचा. तुमचं प्रत्येक 'हो' म्हणजे त्या पातेल्यात चमचा आहे. हात तुमचा, इतकंच. दोन मिनिटं बरं वाटतं आणि पुढचा प्रश्न अधिक जोरानं येतो. म्हणून उत्तर देऊ नका. पण चिडून, 'गप्प बस, वेड लागलंय तुला,' असंही नको, आणि उद्या सकाळी एकदम सगळं तोडूनही टाकू नका. मन शांत असेल तेव्हा दोघांनी बसून ठरवा, शक्य तर उपचार करणाऱ्यांच्या समोर. आम्ही त्या मुलीला वाक्य दिलं होतं: 'आई, हा प्रश्न आजार विचारतोय, त्याला मी उत्तर देणार नाही. पण मी तुझ्याजवळ बसते.' यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. जवळ बसायचंच आहे.

उपचार आहेत, आणि चांगले आहेत. एके काळी हा आजार बरा होत नाही अशीच समजूत होती. 1966 साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातले व्हिक्टर मेयर यांनी प्रसिद्ध केलं, की रुग्णाला भीती वाटते ती गोष्ट समोर येऊ द्यायची आणि नेहमीचा विधी करू द्यायचा नाही, तर हळूहळू फरक पडतो. आज जगभर याच पायावर काम चालतं. त्या बाईसाठीही आम्ही अशाच पायऱ्या केल्या. पहिली पायरी बाल्कनीचं दार, मग नळ, मग कुलूप, गॅस सगळ्यात शेवटी. ज्या दिवशी गॅसची पाळी आली त्या दिवशी ती एकदाच बटण बंद करून, एकदाच नीट बघून, थेट माझ्याकडे येऊन बसली. पदराचं टोक पिळून पिळून दोरीसारखं झालं होतं. शंभरात किती भीती, विचारलं तर पंचाण्णव. मी तिला 'काही होणार नाही' असं एकदाही म्हटलं नाही, कारण तेही उत्तरच झालं असतं. वीस मिनिटांनी नव्वद. पन्नास मिनिटांनी साठ. दुसऱ्या आठवड्यात सुरुवातच सत्तरपासून झाली. भीती आपोआप उतरते, हे तिला बारा वर्षांत कधी कळलंच नव्हतं, कारण उतरायच्या आत ती घरी पोचलेली असायची.

औषधांबद्दल. थंडीत दही लागत नाही म्हणून आपण पातेलं टॉवेलात गुंडाळतो, पिठाच्या डब्यात ठेवतो. गोळ्या म्हणजे ती ऊब. अनेकांना लागते, त्यात कमीपणा नाही. पण या आजारात गुण यायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात, आणि डोसही पुष्कळदा नैराश्याच्या रुग्णांपेक्षा जास्त लागतो. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंदही करू नका.

शीव, केईएम, नायर या पालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. घाटकोपरहून धिम्या गाडीनं शीव तिसरं स्टेशन. ठाण्याच्या बाजूला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे.

तपासण्याचे आणखी प्रकार सांगायचे होते. गाडी खड्ड्यातून गेली की कुणाला धडक तर दिली नाही ना म्हणून तोच रस्ता पुन्हा पुन्हा फिरून पाहणारे रिक्षावाले. आणि काहीच हालचाल न करता मनातल्या मनात तपासणारे, ते तर बाहेरून दिसतही नाहीत, त्यांना वाटतं आपल्याला आजारच नाही, नुसते विचार आहेत... पण निवेदक वेळ संपत आल्याची खूण करताहेत. ते राहू दे.

तिसऱ्यांदा, स्वयंपाकघरातून आत्ता परत आलेल्यांसाठी: पुन्हा पाहून खात्री होत नाही. तुम्ही मघाशी पाहिलंत ते पुरे. झाकण ठेवा आणि बसा.

कागद-पेन्सिल घ्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. एक, चार, चार, एक, सहा. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. आज जेवण झाल्यावर फोन करा.