मिरचीच्या शेतातून दिसलेली महामारी

‘महामारीनंतर सरकारची तयारी’ हा आजचा विषय. मी त्याची सुरुवात मंत्रालयापासून नाही, मिरचीच्या शेतापासून करतो.

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात बहुतेकांचं भाताचं एकच पीक. ते निघालं की गावात काम नाही, म्हणून मजूर तेलंगणात मिरची तोडायला जातात. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा कित्येक जण तिथेच होते. अनेक जण जंगलवाटांनी पायी परतले. पण विषाणू आला नसता तरी ही माणसं मार्चमध्ये घराबाहेरच असती. गावात काम नसणं, हा धोका कोविडच्या फार आधीचा.

आता धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहा. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात! तो ग्रामसभेकडे यायला एप्रिल २०११ उजाडलं. मग बांबूचा पैसा गावाच्या खात्यात येऊ लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनेही २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर हीच वाट धरली. टाळेबंदीत जिथे ग्रामसभेकडे स्वतःची शिल्लक होती, तिथे गरजूंना मदत करायला वरच्या आदेशाची वाट पाहावी लागली नाही. माझ्या मते तयारी म्हणतात ती हीच. ज्या गावांचे दावे अजून फायलीत आहेत, तिथली माणसं पुन्हा मिरचीलाच जाणार.

आरोग्याचंही तसंच. गडचिरोलीत ‘सर्च’च्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मधल्या त्यांच्या अभ्यासानुसार ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे हेच काम देशभर आशांकडे आलं. कोविडमध्ये दारोदार फिरल्या त्याही आशाच, आणि जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यभर संपावर गेल्या त्याही आशाच. टाळ्या मिळाल्या, पगार नाही.

आपल्या मोहल्ल्यांतल्या पोरांनी तेव्हा रेशनची पाकिटं वाटली, फार चांगलं केलं. पण ते देणगीवर चाललं, आणि देणगी आटते. शहरात मेंढ्यासारखी ग्रामसभा नाही. तेव्हा निदान एवढं करा: आपल्या वॉर्डात आशा किती, त्यांचं मानधन किती महिने थकलंय, हे नगरपालिकेला लेखी विचारा.