चौकोनी घरांतलें तेज



निऑनच्या दिव्याचें तेज पिक्सेल-चित्रांत कसें उतरवावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो ऐकून कित्येक वडीलधाऱ्या मंडळींना हा पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. घरांतील मुलगा मोबाईलवर बारीक बारीक चौकोन रंगवीत बसला म्हणजे "पुस्तक सोडून हें काय मांडलं आहेस?" असा प्रश्न आमच्या इतवारींतील अनेक घरांत विचारला जातो. मुलाला त्याचें उत्तर देतां येत नाहीं, म्हणून त्याच्या वतीनें तें आज मी देणार आहें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुरतेंच झालें असून सारी हयात मुलांना गणित व चित्रकला शिकविण्यांत गेली. मी चित्रकार नव्हें, संगणकाचा पंडित तर नव्हेंच नव्हें. परंतु चौकटीच्या वहीशीं माझा जन्माचा संबंध आहे, आणि हा विषय मुळांत चौकटीच्या वहीचाच आहे.

पिक्सेल म्हणजे चित्राचा लहानांत लहान अंश, एक चौकोनी घर. एका घरांत एकच रंग भरावयाचा, अर्धें घर रंगवावयाचें नाहीं, एवढाच या कलेचा दंडक. हा शब्द १९६५ सालीं फ्रेड बिलिंग्स्ली या अमेरिकन अभियंत्याच्या लेखांत प्रथम छापला गेला. त्यापूर्वीं आठ वर्षें, १९५७ सालीं, रसेल कर्श यांनीं आपल्या तान्ह्या मुलाचें छायाचित्र संगणकांत उतरविलें होतें. तें आडवीं १७६ आणि उभीं १७६ अशा घरांचें होतें. पुढें संगणकावरील खेळ निघाले. त्यांतील माणसें, झाडें व घरें मोजक्या चौकोनांत बसवितां बसवितां या चित्रांची एक स्वतंत्र कला झाली. आज पडद्यांवर लक्षावधि घरें मिळत असतांही पुष्कळ चित्रकार आपण होऊन सोळा किंवा बत्तीस घरांची मर्यादा घालून घेतात. वृत्ताचें बंधन असलें म्हणजे कवीला जसा नेटकेपणा येतो, तसाच तो येथेंही येतो.

इतवारीला ही कल्पना परकी नाहीं. कापडांत उभा धागा आणि आडवा धागा असे दोनच असतात. तिरपी रेघ मागाला ठाऊक नसते. ती हवी असल्यास विणकराला धागे मोजीत पायरीपायरीनें चढावें लागतें. विदर्भांतील करवतकाठी लुगडें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना त्याच्या कांठावरील करवतीचे दांते आठवतील. ते मोजून चढविलेल्या पायऱ्यांचेच झालेले असतात. आमच्या भगिनींची ठिपक्यांची रांगोळी आणि भरतकामांतील फुलीचा टांका हीं त्याच कुळांतलीं आहेत. आणि बाजारांत दुकानांच्या दारांवर जी धांवत्या अक्षरांची पाटी दिसते, तिच्या एका फळींत आडवे ३२ व उभे १६ मिळून ५१२ दिवे असतात. त्या सोळा ओळींतच शिरोरेघ, वरची मात्रा व खालचा उकार बसवावा लागतो. बाजारांतून जाणारा प्रत्येक गिऱ्हाईक अशा रीतीनें नकळत पिक्सेल-चित्रच वाचीत असतो.

आतां निऑनकडे वळूं. निऑन हा हवेंतलाच एक वायु आहे. हवेच्या दहा लाख भागांत तो अवघा अठरा भाग असतो. १८९८ सालीं लंडन येथें विल्यम रॅमसे व मॉरिस ट्रॅव्हर्स या दोघांनीं तो शोधून काढला. ग्रीक भाषेंत या नांवाचा अर्थ 'नवा' असा आहे. या दोन्ही नांवांचा नागपुरशीं दूरचा कां होईना, पण एक संबंध पोंचतो. ज्या जमशेटजी टाटांनीं १८७७ सालीं आपल्या शहरांत एम्प्रेस मिल सुरू केली, त्यांच्याच विनंतीवरून रॅमसे हिंदुस्थानांत आले, आणि विज्ञानसंस्थेसाठीं बंगलोर ही जागा सुचवून गेले. त्या संस्थेचे पहिले संचालक होऊन आले ते हेच ट्रॅव्हर्स. निऑनची नळी मात्र फ्रान्समध्यें तयार झाली. १९१० सालीं जॉर्ज क्लोद यांनीं पॅरिसच्या प्रदर्शनांत ती लोकांना दाखविली. शुद्ध निऑनचा प्रकाश तांबूस-नारिंगी असतो. निळ्या प्रकाशासाठीं आर्गॉन वायु व पाऱ्याची वाफ वापरतात, आणि इतर छटा कांचेच्या रंगानें किंवा नळीच्या आंतील लेपानें साधतात. हल्लीं बाजारांत 'निऑन' या नांवानें जी लवचीक पट्टी मिळते, तिच्यांत हा वायु नसतो. सिलिकॉनच्या आवरणाखालीं एलईडीचे दिवे असतात. वस्तु बदलली, तरी डोळ्यांना होणारा भास तोच राहिला, आणि चित्रकाराला प्रयोजन आहे तें त्या भासाचें.

येथें खरी अडचण उभी राहते. पडद्यावरील अत्यंत उजळ घर म्हणजे पांढरें घर. पण सगळें पान कोरें पांढरें असलें तरी त्याला कोणी दिवा म्हणत नाहीं. तेव्हां नुसत्या उजळपणानें तेजाचा भास होत नाहीं, हें उघड आहे. मग तो कशानें होतो?

याचें उत्तर एका विणकामाच्या कारखान्यानें दिलें आहे. पॅरिसच्या गोब्लँ येथील प्रसिद्ध कारखान्यांत चित्रपट विणले जात. तेथील रंगशाळेचे प्रमुख मिशेल शेव्हरल यांच्याकडे अशी तक्रार आली कीं, काळा रंग फिका उतरतो. त्यांनीं तपास केला, तेव्हां रंग निर्दोष ठरला. काळा धागा निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारीं पडल्यामुळें निस्तेज भासत होता. पुढें १८३९ सालीं त्यांनीं या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा मथितार्थ आपल्या भाषेंत इतकाच कीं, रंग कधीं एकटा नसतो. त्याला शेजार असतो, आणि शेजारावरून त्याची किंमत ठरते. निऑनचें तेज काढण्याची सारी विद्या या एका वाक्यांत आली.

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. चौकटीच्या वहींत सोळा घरें आडवीं व सोळा घरें उभीं असा चौकोन आंखावा आणि त्यांत गुलाबी प्रकाशाची एक उभी नळी काढावयाची असें धरावें. चौकोनाच्या मधल्या भागांतील एक उभी ओळ जवळजवळ पांढरी ठेवावी. तिला गुलाबीची नुसती झांक असावी. हा नळीचा गाभा. त्याच्या दोहों बाजूंस एकेक ओळ भडक गुलाबी भरावी. तिच्या बाहेर एकेक ओळ गडद राणी रंगाची, आणि तिच्याही बाहेर एकेक ओळ काळपट जांभळी. या सात ओळी झाल्या. उरलेल्या नऊ ओळींत काळोख भरावा. हा काळोखही कोळशासारखा काळा नसावा. त्यांत निळसर-जांभळी छटा असावी, म्हणजे शेवटची ओळ त्यांत सहज विरून जाते. संगणकावर काम करणाऱ्यांना आंकडे हवे असतात. तेथें तांबडा, हिरवा व निळा यांचें प्रमाण शून्यापासून २५५ पर्यंत देतात. गाभ्याला २५५, २३५, २४५. पुढच्या ओळीला २५५, ६०, १५०. तिसरीला १५०, २०, ११०. चौथीला ६५, १५, ७५. आणि काळोखाला २२, १२, ४२, हें प्रमाण धरून आरंभ करावा व पुढें आपल्या डोळ्यांच्या साक्षीनें फेरफार करावा.

नळी गुलाबी असतां तिचा गाभा पांढरा कां, असें मुलें हटकून विचारतात. अति प्रखर प्रकाश पडला म्हणजे डोळ्यांची रंग ओळखण्याची शक्ति तेवढ्या जागीं भरून वाहूं लागते आणि आपणांस नुसता पांढरेपणा दिसतो. कॅमेऱ्याचेंही तसेंच होतें. शिवाय डोळ्यांच्या आंत प्रकाश थोडा पसरतो, त्यामुळें दिव्याभोंवतीं रंगीत वलय भासतें. म्हणजे दिव्याचा रंग आपणांस दिव्याच्या आंत न कळतां त्याच्या कडेला कळतो. ज्यानें गाभ्यांतच भडक गुलाबी भरला, त्याची नळी रंगविलेल्या लांकडी दांड्यासारखी दिसते.

या कामांत दोन ठिकाणीं विशेष जपावें लागतें. एक म्हणजे कोपरे. अक्षराभोंवतीं सर्वत्र सारख्या रुंदीची प्रभा फिरविली तर ती गोधडीच्या शिवणीसारखी दिसूं लागते. यासाठीं बाहेरच्या कोपऱ्यांतलीं एक-दोन घरें काळोखाला परत द्यावीं. उलट जेथें दोन नळ्या मिळतात, तेथें आंतल्या कोनांत दोहोंचा प्रकाश एकत्र होतो. तेथें एक पायरी अधिक उजळ रंग भरावा. दुसरें ठिकाण म्हणजे दोन छटांमधील सांधा. रंग मोजके असल्यामुळें मधली छटा हातीं नसते. अशा वेळीं सांध्यावर एक घर उजळ, एक घर काळपट, असें बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें आलटून पालटून भरावें. दुरून पाहणाराचा डोळा त्यांतून तिसरी छटा आपोआप तयार करतो. धूपछांव कापडांत उभा धागा एका रंगाचा व आडवा दुसऱ्या रंगाचा घालून जें साधतात, तेंच हें. मात्र लहान चित्रांत हा उपाय बेतानें करावा, नाहींतर प्रभेऐवजीं चाळणी दिसते.

नळी झाली, तरी चित्र पुरें झालें नाहीं. प्रकाश आहे याचा खरा साक्षीदार दिवा नसून दिव्यासमोरची वस्तु असते. पावसाळ्यांत रात्रीं इतवारींतील शहीद चौकाकडून सराफ्याकडे चालत जावें आणि पाट्यांकडे न पाहतां ओल्या रस्त्याकडे पाहावें. पाटीचा रंग खालीं उतरलेला असतो, पण अधिक काळवंडलेला, उभा लांबलेला आणि जागोजागीं तुटलेला. पायरीची जी कड पाटीसमोर असते, तिच्यावरच रंगाची एक बारीक रेघ असते. चित्रांत अशीं आठ-दहा घरें योग्य जागीं भरलीं कीं नळी खरोखर पेटते.

आपल्या महाराष्ट्रांत या गोष्टीचा मोठा दाखला आहे. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनीं १९४५-४६ च्या सुमारास जलरंगांत काढलेलें, हातांत समई घेतलेल्या स्त्रीचें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील चित्रशाळेंत आहे. चित्रामागें दिवा ठेवला असावा, असा पाहणारास भ्रम होतो. पण त्या चित्रांत ज्योतीवर हात आड धरलेला आहे. प्रकाश कळतो तो बोटांच्या कडांवरील लालीवरून, चेहऱ्यावरून, वस्त्रावरून आणि मागच्या भिंतीवरील सांवलीवरून. त्या चित्रांत चौकोनी घरें नाहींत, परंतु नियम तोच आहे.

कोणी म्हणेल, संगणकांत एक कळ दाबली कीं प्रभा आपोआप पसरते. मग घरें मोजीत कशाला बसावें? ती सोय मोठ्या चित्राला ठीक आहे. सोळा घरांच्या चित्रांत ती सर्व घरें सारखींच पुसट करते, पांच रंगांच्या जागीं पन्नास रंग करून ठेवते, आणि अक्षराची कड हरवते. कोठें प्रकाश घालावा हें यंत्राला सांगतां येतें. कोठें काळोख राखावा हें मात्र चित्रकारालाच ठरवावें लागतें.

हा राखण्याचा धडा चित्रापुरताच नाहीं. सणासुदीला बाजारांत प्रत्येक दुकानदार शेजाऱ्याहून अधिक दिवे लावतो, आणि परिणामीं एकाचीही पाटी उठून दिसत नाहीं. ज्याच्या भोंवतीं थोडी अंधारी जागा राहिली, त्याचीच पाटी गिऱ्हाइकाच्या ध्यानांत राहते. मुलांना मी हें उदाहरण मुद्दाम देतों, कारण मन आवरून एखादें घर रिकामें ठेवणें हें त्यांना सर्वांत जड जातें.

शेवटीं, वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाकडे येतों. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरीं दोन पिढ्या हातमाग होता. आतां तो नाहीं. मुलानें निऑनच्या अक्षरांचें चित्र चौकटीच्या कागदावर काढलें होतें. त्याचे आजोबा एरवीं या नादावर रुष्टच असत. त्यांनीं कागद हातांत घेतला, बोटानें ओळ मोजली आणि म्हणाले, "अरे, उजव्या अंगाला एक घर जास्त भरलंस, कांठ ओढला जाईल." चूक खरोखरच तेथें होती. मुलानें तें घर खोडलें, आणि दुसऱ्या दिवशीं आपण होऊन आजोबांजवळ कागद नेला.

या कलेनें सर्वांची पोटें भरतील, असें आश्वासन मी देणार नाहीं. माग थांबले, गिरण्यांचे भोंगे बंद झाले, आणि त्यांच्याबरोबर कांहीं हातांची विद्याही जाऊं लागली. परंतु मोजण्याची, शेजार पाहण्याची आणि एक घर चुकलें तर तें ओळखण्याची जी नजर आमच्या पेठेनें पिढ्यान्‌पिढ्या कमावली, तिला ह्या लहानशा पडद्यावर अजून काम आहे. म्हणून घरांतला मुलगा चौकोन रंगवीत बसलेला दिसला, तर त्याला रागें भरण्यापूर्वीं क्षणभर त्याच्याजवळ बसावें आणि घरें मोजून पाहावीं. कोणतें घर रिकामें ठेवावें, हें कदाचित् आपणच त्याला सांगूं शकाल.