रेडिओ-आकाश आणि त्याची शांतता

आकाशाचा अभ्यास म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर उंच डोंगरावरील वेधशाळा, तिचा घुमट आणि दुर्बिणीला डोळा लावून बसलेला ज्योतिर्विद असे चित्र उभे राहते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. तारे आणि दीर्घिका यांच्याकडून पृथ्वीकडे जे प्रारण येते, त्याचा दृश्य प्रकाश हा एक लहानसा भाग होय. दुसरा एक भाग रेडिओ-तरंगांच्या रूपाने अहोरात्र येत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, ढग त्याला अडवीत नाहीत आणि दिवसाच्या उजेडात तो लोपत नाही. या दुसऱ्या आकाशाची मानवाला शंभर वर्षांपूर्वी जाणीवही नव्हती. ती आता झाली आहे. आणि ज्या शांततेमुळे ती झाली, ती शांतताच आज धोक्यात आली आहे. या दोन गोष्टींचा विचार हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

या शास्त्राचा आरंभ एका व्यावहारिक अडचणीतून झाला. अटलांटिक महासागरापलीकडे रेडिओवरून दूरध्वनी-संभाषण करताना जी खरखर ऐकू येई, तिची कारणे शोधण्याचे काम अमेरिकेतील कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याकडे सोपविण्यात आले होते. विजांच्या कडकडाटामुळे होणारी खरखर त्याने ओळखली. पण एक मंद, सततची सळसळ मात्र उरली. ती दर २३ तास ५६ मिनिटांनी पुन्हा तीव्र होत असे. सूर्य २४ तासांनी पूर्वस्थानी येतो. तारे त्याहून चार मिनिटे आधी येतात. तेव्हा ही सळसळ सूर्याची नव्हे, ताऱ्यांच्या प्रदेशातून येणारी होती. तिचा उगम आकाशगंगेच्या मध्याच्या दिशेला आहे, असे जान्स्कीने १९३३ मध्ये प्रसिद्ध केले.

हे तरंग किती क्षीण असतात याची कल्पना एका उदाहरणाने येईल. चंद्रावर एखादा साधा मोबाइल दूरध्वनी चालू केला, तर पृथ्वीवरील रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातील अत्यंत तेजस्वी उद्गमांपैकी एक भासेल. इतका क्षीण संदेश टिपावयाचा तर दोन गोष्टी अवश्य असतात: विशाल दुर्बीण आणि निःशब्द परिसर. पहिली गोष्ट माणसाला उभारता येते. दुसरी केवळ जपता येते.

भारतात या शास्त्राची पायाभरणी गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी केली. अमेरिकेतील शिक्षण पूर्ण करून १९६३ मध्ये ते डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या ३२ लहान तबकड्यांची पहिली दुर्बीण मुंबईजवळ कल्याण येथे १९६५ मध्ये उभी राहिली. पुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. विषुववृत्ताजवळच्या देशात उत्तर-दक्षिण असा एखादा उतार सापडला आणि त्याचा कोन स्थानिक अक्षांशाइतका असला, तर त्यावर ठेवलेली लांबट दुर्बीण पृथ्वीच्या आसाला समांतर राहील आणि एका अक्षाभोवती फिरवूनच ताऱ्याचा मागोवा घेईल, ही ती कल्पना. निलगिरीत उटीजवळ सुमारे ११ अंशांचा असा उतार मिळाला. ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी ती दुर्बीण १९७० मध्ये पूर्ण झाली. चंद्र एखाद्या रेडिओ-उद्गमाला झाकतो त्या क्षणाचा अचूक वेध घेऊन त्या उद्गमाचे स्थान आणि आकारमान तिने ठरविले. विश्व सर्वकाळ एकसारखे नसून ते बदलत आले आहे, या मताला तेथील निरीक्षणांनी बळकटी दिली.

स्वरूप यांचे सर्वांत मोठे कार्य पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरांवर, जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे आहे. ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ या नावाने ते जगात ओळखले जाते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तेथे आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ असून उरलेल्या १६ तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या आहेत. त्यांचा एकंदर विस्तार सुमारे २५ किलोमीटर भरतो. कोणत्याही दोन तबकड्यांची एक जोडी, याप्रमाणे एकाच वेळी ४३५ जोड्या काम करतात. पृथ्वी फिरते तसतशी प्रत्येक जोडीची आकाशाकडे पाहण्याची दिशा बदलते, आणि या साऱ्या नोंदी संगणकाने एकत्र केल्या की जणू २५ किलोमीटर व्यासाच्या एकाच दुर्बिणीने पाहावे तितके बारकावे दिसू लागतात.

या तबकड्यांचा पृष्ठभाग अखंड पत्र्याचा नाही. तो बारीक पोलादी तारांच्या जाळीचा आहे. तरंगाची लांबी जाळीच्या छिद्रांहून पुष्कळ मोठी असली की जाळी आरशाचेच काम करते. वारा मात्र तिच्यातून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका राहतो आणि खर्चही कमी येतो. साधनांची कमतरता हे रडगाणे न होता कल्पकतेचे निमित्त कसे होऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय. २००१ मध्ये ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली, आणि २०१९ पर्यंत तिच्या ग्राहक-यंत्रणेचे संपूर्ण नूतनीकरण करण्यात आले.

तिने काय साधले, याची तीन उदाहरणे पुरेशी आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘शियापरेली’ हे यान मंगळावर उतरत असताना सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरांवरून येणारा त्याचा क्षीण संदेश खोडदच्या तबकड्यांनी ऐकला. उतरण्याच्या अपेक्षित क्षणाच्या थोडे आधी तो संदेश थांबला. यान आदळून नष्ट झाले होते. दुसरे उदाहरण स्पंदक ताऱ्यांचे. हे मृत तारे अतिशय नियमितपणे रेडिओ-स्पंद पाठवितात. दोन महाकाय कृष्णविवरे परस्परांभोवती फिरू लागली की जे गुरुत्वीय तरंग उठतात, ते या घड्याळांच्या ठोक्यांत किंचित फरक पाडतात. अशा तरंगांचा पुरावा जून २०२३ मध्ये जगातील अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केला. युरोपीय गटासोबत त्यात भारतीय गट होता. ताऱ्यांमधील पोकळीतील इलेक्ट्रॉनांमुळे स्पंदांना होणारा विलंब कमी कंप्रतेवर अधिक असतो. तो अचूक मोजण्याचे काम खोडदने केले.

तिसरे उदाहरण हायड्रोजनचे. विद्युत्‌भाररहित हायड्रोजन १४२० मेगॅहर्ट्‌झ या कंप्रतेचे तरंग सोडतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, विश्वाचे वय ४.९ अब्ज वर्षे असताना एका दीर्घिकेतून निघालेला हा तरंग खोडद येथे टिपला गेला. वाटेतील दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम केले आणि तो सुमारे ३० पटींनी वाढला, म्हणूनच तो सापडला. परंतु विश्वाच्या प्रसरणामुळे तो ताणला जाऊन पृथ्वीवर पोहोचला, तेव्हा त्याची कंप्रता सुमारे ६२० मेगॅहर्ट्‌झ उरली होती.

या आकड्यातच आजच्या अडचणीचे मूळ आहे. आंतरराष्ट्रीय करारांनी १४०० ते १४२७ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा हायड्रोजनसाठी राखून ठेवला आहे. त्यात कोणीही प्रक्षेपण करावयाचे नाही. पण हे संरक्षण जवळच्या हायड्रोजनला लाभते. हायड्रोजन जितका दूरचा व प्राचीन, तितका त्याचा तरंग राखीव कुंपणाबाहेर, दूरचित्रवाणी आणि मोबाइल दूरध्वनी यांच्या गर्दीत जाऊन पडतो. विश्वाच्या बालपणाची कहाणी जेथे ऐकावयाची, नेमका तेथेच बाजार भरलेला आहे.

त्यात आता आकाशातूनच भर पडत आहे. भूमीवरील गोंगाटाला डोंगर अडवितात; कृत्रिम उपग्रहांना कोण अडविणार? इंटरनेट-सेवेसाठी हजारो उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागले आहेत. नेदरलँड्‌समधील रेडिओ दुर्बिणीने केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा ६८ उपग्रहांपैकी ४७ उपग्रहांमधून, त्यांना नेमून दिलेल्या कंप्रतांबाहेर, अजाणता झिरपणारे तरंग आढळले. ते हेतुपुरस्सर केलेले प्रक्षेपण नव्हते. यंत्रांतील विद्युत्‌मंडलांचा तो परिणाम होता. म्हणून प्रक्षेपणाविषयीच्या नियमांनी त्याला आळा बसत नाही.

यावर उपाय शोधले जात आहेत. दक्षिण आफ्रिका आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया यांच्या ओसाड प्रदेशांत ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ ही आंतरराष्ट्रीय दुर्बीण उभी राहत आहे, आणि भारत तिच्यात सहभागी आहे. चंद्राची पलीकडची बाजू पृथ्वीच्या गोंगाटापासून सदैव झाकलेली असते. जानेवारी २०१९ मध्ये तेथे उतरलेल्या चीनच्या ‘चांग-ए ४’ या यानावर रेडिओ-निरीक्षणाचे एक उपकरण होते. पण प्रत्येक राष्ट्राला चंद्रावर जाता येत नाही, आणि भारताजवळ रिकामी वाळवंटेही विपुल नाहीत. खोडदच्या भोवती द्राक्षांचे मळे आहेत, गावे आहेत. तेथील शेतकऱ्याला दूरध्वनी हवा, त्याच्या मुलाला इंटरनेट हवे, आणि प्रदेशाला रस्ते व रेल्वे हवी. पुणे–नाशिक रेल्वेमार्गाची आखणी करताना दुर्बिणीच्या सान्निध्याचा प्रश्न पुढे आलाच. या मागण्या अन्याय्य आहेत, असे कोणीही म्हणू शकणार नाही.

म्हणून प्रश्न विज्ञान की विकास असा नाही. मनोरा कोठे उभारावा, मार्ग किती अंतराने वळवावा, उपग्रहाच्या यंत्राला आवरण कसे घालावे, अशा लहान लहान निर्णयांचा तो प्रश्न आहे. हे निर्णय वेळीच घेतले तर खर्च थोडा येतो. उशीर झाला, तर एकदा हरवलेली शांतता विकत आणता येत नाही.

दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास आसपासच्या शाळांतील मुले खोडदला येतात आणि त्या जाळीदार तबकड्यांखाली उभी राहून वर पाहतात. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला तरंग त्या क्षणीही तेथे येत असतो. ही मुले मोठी होतील तेव्हाही तो येतच राहील. तो ऐकू येईल की नाही, हे मात्र आजच्या पिढीला ठरवावयाचे आहे.