भुसा आणि धूळ
(सुरतेतील मराठी श्रोत्यांसमोर वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



अद्वैतापासून अणुशक्तीपर्यंतचे विषय ज्या व्यासपीठावरून ऐकण्याची आपल्याला सवय आहे, तेथे सुताराच्या खोलीतला केर आणून मांडणे हे काहींना औचित्यभंगाचे वाटेल. परंतु उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेल्या आपल्या माणसांनी जी रो-हाऊसे घेतली, त्यांच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये गाडी बाहेर काढून आत करवतीचे टेबल मांडणारी हौशी मंडळी आता पुष्कळ दिसू लागली आहेत. आणि अशा प्रत्येक गृहस्थाचा पहिला प्रश्न कोणती करवत घ्यावी हा असतो, कोणता रंधा घ्यावा हा दुसरा असतो, आणि धुळीची काय तजवीज करावी हा प्रश्न बहुधा पहिल्या खोकल्यानंतर सुचतो. हा क्रम उलटा करावा, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

सुरतेला लाकूड नवे नाही. तापीच्या काठी येथे जहाजे बांधली जात. ईस्ट इंडिया कंपनीने 1736 साली मुंबईच्या गोदीसाठी जो कारागीर नेला, तो लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेत तयार झालेला पारशी सुतार होता, आणि त्याच्या वंशजांनी पुढे दीडशे वर्षे त्या गोदीत नाव राखले. डांगच्या अरण्यातला साग तर या मुलुखाचे वैभवच. तो खाली आणण्यासाठी बडोद्याच्या गायकवाड सरकारने बिलिमोरा ते वघई अशी नॅरोगेज आगगाडी 1913 साली सुरू केली. इतक्या पिढ्यांनी एवढे लाकूड कापले, तासले, घासले, आणि त्यांच्यापैकी कोणी धूळ ओढण्याच्या यंत्राची चौकशी केली नाही, मग आपल्यालाच त्याची एवढी मातब्बरी का, असा आक्षेप सहज घेता येईल, आणि तो अगदीच निराधार नाही.

त्याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. जहाजाचा सुतार उघड्यावर, खाडीच्या वाऱ्यात काम करीत असे. आपण दहा फूट रुंद, बारा फूट लांब अशा खोलीत शटर अर्धे ओढून काम करतो, कारण समोरच्या घरी आवाज जातो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वाकस, पटाशी आणि रंधा ही हत्यारे लाकूड सोलून काढतात; त्यांच्यापासून ढलप्या आणि वळवट्यांसारखे छिलके निघतात, ते पायाशी पडतात आणि तेथेच राहतात. विजेची गोल करवत आणि सँडर ही यंत्रे मात्र लाकडाचे चूर्ण करतात, आणि या चूर्णातला जो भाग डोळ्यांना दिसतो व ढीग होऊन पडतो तो त्यामानाने कमी उपद्रवी असून, जो दिसत नाही तोच छातीत उतरतो. मध्येच कोठेतरी आपल्या सुरतेचे सादेली काम येते. लाकूड, शिंग, हाड, चांदी, आणि बंदीपूर्वीच्या काळात हस्तिदंत, यांच्या त्रिकोणी बारीक काड्या सरसाने एकत्र चिकटवून त्यांचा जुडगा बांधायचा, तो वाळला म्हणजे आडवा कापून त्याच्या पातळ चकत्या करायच्या, आणि प्रत्येक चकतीच्या अंगावर उमटलेली तीच ती चांदणी चंदनाच्या वा शिसवीच्या पेटीवर जडवायची. इराणातल्या शिराझहून सिंधमार्गे ही कला इकडे आली असे सांगतात, आणि पेटीगरा आडनावाच्या पारशी घराण्यांनी ती येथे सांभाळली. हे बसून, घरातल्या घरात करण्याचे काम. त्यात कानस आहे, घासणे आहे, म्हणजे बारीक धूळही आहे. पण तिचे मान हाताच्या वेगावर बेतलेले असते. मिनिटाला हजारो फेरे घेणारी चकती त्या मानाचे सारे गणित मोडून टाकते.

हे गणित एकदा आकड्यांत मांडले म्हणजे मनावर चांगले ठसते. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने लाकडाच्या धुळीची जी मर्यादा सुचविली आहे ती, बहुतेक सर्व जातींच्या लाकडांसाठी, दर घनमीटर हवेत एक मिलिग्रॅम अशी आहे. दहा फूट उंचीच्या आपल्या त्या खोलीत 1200 घनफूट, म्हणजे सुमारे 34 घनमीटर हवा मावते. तेव्हा अवघी 34 मिलिग्रॅम धूळ, मिठाच्या चिमटीचाही एक अंश, हवेत तरंगत राहिली की मर्यादा गाठली गेली. आणि ती तरंगत राहतेच. दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत माणसाच्या उंचीवरून जमिनीवर यायला दहाबारा मिनिटे घेतो. एक मायक्रॉनचा कण अर्ध्या दिवसापेक्षा अधिक. सकाळी सँडर चालवून दुपारी जेवण करून परत आलेला गृहस्थ खोली स्वच्छ झाली असे समजून जी हवा श्वासात घेतो, ती सकाळचीच असते. ज्याला याची खातरजमा करायची असेल त्याने काम आटोपल्यावर रात्री दिवे मालवून टॉर्चचा झोत खोलीत आडवा टाकावा. पुढचे माझे अर्धे व्याख्यान त्याला अनावश्यक वाटेल.

धुळीचा परिणाम केवळ शिंका आणि खोकला एवढाच असता तर एखाद्याने तो हौसेचा मोबदला म्हणून सोसला असता. परंतु इंग्लंडमध्ये हाय विकम या फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी 1960 नंतरच्या दशकात एस्मे हॅडफील्ड या नाक-घशाच्या शल्यवैद्य बाईंच्या लक्षात आले की नाकाचा एक अत्यंत विरळ कर्करोग आपल्याकडे जे रोगी घेऊन येतात त्यांत सुतार फार आहेत. त्यांनी व डोनाल्ड ॲचेसन यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी 1968 साली हा शोध प्रसिद्ध केला, आणि 1995 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या पहिल्या वर्गात घातले. ते कामगार अनेक वर्षे, रोज, कारखान्यात धूळ खात होते. रविवारी स्टूल बनवणाऱ्याने त्यांच्या नशिबाशी आपले नशीब जोडून घाबरून जाऊ नये, पण भुशाला केवळ केर समजण्याचा हक्कही आता त्याला राहिला नाही. सागाच्या व शिसवीच्या धुळीने कातडीवर जे चट्टे उठतात ते तर याहून फार लवकर उठतात, आणि एमडीएफच्या पुठ्ठेवजा फळीत लाकडाच्या चूर्णाबरोबर फॉर्मॅल्डिहाइडयुक्त डिंकही असतो.

आता यंत्राकडे वळतो. बाजारात दोन जातींची यंत्रे मिळतात आणि त्यांची गल्लत हीच बहुतेक चुकलेल्या खरेद्यांची जननी आहे. शॉप-व्हॅक म्हणजे ओला-सुका कचरा ओढणारा पिंपवजा व्हॅक्यूम, याचा जोर पिचकारीचा. नळी अरुंद, हवा थोडी, पण ओढ जबरदस्त. डस्ट कलेक्टरचा ओघ पाटाच्या पाण्याचा. चार इंची तोंड, हवेचे परिमाण मोठे, ओढ मात्र बेताची. सँडर, राउटर, हातातली गोल करवत, यांची धूळ निघण्याची जागा चिमुकली असल्यामुळे त्यांना पिचकारी लागते; जाडी काढणारा यांत्रिक रंधा आणि मोठी टेबल-सॉ यांच्या पोटातून जो भुसा धो धो पडतो त्याला पाट लागतो. ज्याच्याकडे यांत्रिक रंधा नाही आणि नजीकच्या काळात येण्याचाही संभव नाही, त्याने डस्ट कलेक्टरच्या मोहात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगल्या गाळणीचा शॉप-व्हॅक, त्याच्या आधी एक छोटा सायक्लोन बसवलेली बादली, आणि ज्याच्या तळव्याला भोके आहेत असा सँडर, एवढ्यावर घरगुती काम उत्तम चालते. सँडरच्या तळव्यावरची भोके आणि काचकागदावरची भोके नीट जुळवून लावण्यासाठी लागणारे अर्धे मिनिट लोक वाचवतात, आणि मग यंत्राला दोष देतात.

सायक्लोनविषयी एक गैरसमज दूर करतो. 1885 साली अमेरिकेत ज्याचे पेटंट घेतले गेले ते हे साधे शंकूच्या आकाराचे भांडे हवेला गरगर फिरवून जड भुसा भिंतीवर आपटवते व खालच्या पिंपात पाडते. त्यामुळे गाळणी तुंबत नाही आणि ओढ टिकते. परंतु अतिसूक्ष्म धूळ त्यातून निसटून पुढे जातेच. तिला अडवणारी शेवटची चौकी गाळणी हीच, आणि नेमक्या तेथेच विक्रेते काटकसर करतात. स्वस्त कलेक्टरबरोबर येणारी विरळ विणीची पिशवी 30 मायक्रॉनच्या आसपासचे कण रोखते. त्याहून बारीक, म्हणजे ज्याचे भय आहे तेच कण, ती डोक्याच्या उंचीवरून खोलीभर फवारते. अशा यंत्राला धूळ ओढणारे म्हणण्यापेक्षा धूळ चाळणारे म्हणावे. पैसे खर्चायचेच तर अश्वशक्तीवर कमी आणि एक मायक्रॉनच्या नमद्याच्या पिशवीवर वा चुण्यांच्या कार्ट्रिजवर अधिक खर्चावेत. आपल्या शहरातून पॉलिएस्टरचे कापड साऱ्या देशाला जाते म्हणून कोणी साडीच्या तुकड्याची पिशवी शिवून बसवण्याचा उद्योग मात्र करू नये. विणलेल्या धाग्यांमधल्या फटी धुळीला राजरस्त्यासारख्या असतात.

डब्यावर छापलेल्या हवेच्या आकड्यावरही विसंबू नये, कारण तो बहुधा नळी आणि गाळणी काढून मोजलेला असतो. भुसा नळीत न बसता वाहत राहायचा तर हवेचा वेग मिनिटाला 4000 फुटांच्या आसपास लागतो. चार इंची नळीतून या वेगाने सुमारे 350 घनफूट हवा जाते, आणि तीच नळी पुढे अडीच इंचांची केली की छेदाचे क्षेत्रफळ दोनपंचमांशावर येते. म्हणून नळी शक्य तितकी आखूड, सरळ आणि रुंद ठेवावी. नळवाल्याच्या दुकानातला 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप या कामी उत्तम, काटकोनी एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन लावावेत, आणि वळकट्यांची लवचीक नळी शेवटच्या दोन-तीन फुटांपुरतीच असावी.

या साऱ्या तपशिलाच्या मुळाशी असलेले तत्त्व आपल्या कायद्याने फार सुरेख सांगितले होते. 1948 च्या कारखाना कायद्याचे चौदावे कलम म्हणत असे की धूळ ओढण्याचे साधन धुळीच्या उगमाच्या शक्य तितके जवळ लावावे, आणि तो उगम शक्य तितका बंदिस्त करावा. हा कायदा आपल्या पार्किंगला कधी लागू नव्हता. त्यासाठी विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार असावे लागत, आणि आपल्याकडे बहुधा एक कामगार व एक नाराज गृहिणी एवढाच जमाव असतो. परंतु हुकूम म्हणून नव्हे तर शहाणपण म्हणून हे कलम शिरोधार्य मानावे. टेबल-सॉच्या पोटाला लाकडी पेटी बसवून खालची फट बुजवणे हे दुप्पट ताकदीची मोटर घेण्याहून अधिक गुणकारी आहे. आणि प्लायवूड कापायला आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा मार्बल कटर, ज्याला ना धड आवरण ना नळी जोडायला तोंड, तो तर खोलीच्या बाहेर, अंगणात, वाऱ्याच्या दिशेला पाठ करूनच वापरावा. न वापरला तर अधिक उत्तम, कारण त्यात बोटांचाही प्रश्न आहे.

विलायती पुस्तके वाचून यंत्रे निवडणाऱ्यांना एक गोष्ट सांगायची राहते. थंड मुलखात खोली तापवलेली असते. ओढलेली हवा बाहेर सोडली तर ऊब जाते, म्हणून ते लोक गाळून तीच हवा पुन्हा आत घेतात. सुरतेत ऊब राखण्याची चिंता कोणाला? येथे यंत्राचे तोंड सरळ बाहेर काढले, पिंपात जड भुसा पाडून उरलेली हवा उघड्या आकाशात सोडली, तर गाळणीचा खर्चही वाचतो आणि मिनिटाला 350 घनफुटांच्या हिशेबाने खोलीतली हवा साडेतीन मिनिटांत बदलते. मात्र समोरून तेवढीच हवा आत येईल अशी खिडकी उघडी हवी. आणि ज्याच्या भिंतीला भिंत लागून शेजाऱ्याची गच्ची आहे, त्या गच्चीवर उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत आहेत, त्याने हा मार्ग विसरावा. त्याला गाळणीच घ्यावी लागेल, कारण शेजारधर्माला एक मायक्रॉनहून बारीक चाळणी लागते.

विजेचा हिशेब थोडक्यात. दोन अश्वशक्तीची मोटर प्रत्यक्षात दोन हजार वॉटच्या आसपास घेते आणि सुरू होताना त्याच्या काही पट. तेवढीच करवत त्याच 16 अँपिअरच्या सॉकेटवर चालवली तर एमसीबी पडणारच. दोहोंना स्वतंत्र तारा ओढून घ्याव्यात. प्लास्टिकच्या नळीत साठणाऱ्या स्थितिक विजेने घरगुती खोलीचा स्फोट होईल ही भीती अतिरंजित आहे. खरे भय जुन्या लाकडात राहिलेल्या खिळ्याच्या ठिणगीचे, जी भुशाच्या पिंपात शांतपणे धुमसत राहते. पिंप रोज संध्याकाळी रिकामे करावे.

मुखपट्टीविषयी एवढेच, की रुमाल ही मुखपट्टी नव्हे; एन-95 दर्जाची, नाकाशी घट्ट बसणारी असावी, आणि यंत्र बंद केल्यावर लगेच काढू नये, याचे कारण कणांच्या वेगाच्या हिशेबात येऊन गेले आहे. केरसुणी या खोलीत वर्ज्य. जी धूळ मोठ्या कष्टाने खाली बसली तिला ती पुन्हा नाकापर्यंत उचलते. ओले फडके किंवा व्हॅक्यूमच.

पावसाळ्यात येथली हवा इतकी दमट होते की नमद्याची पिशवी ओलसर होऊन धुळीचा लगदा धरते आणि भुसा पिंपात आंबतो, त्याला वाळवी लागते, करवतीच्या लोखंडी टेबलावर पडून राहिला तर गंज चढतो. तेव्हा मृगापूर्वी पिशवी झटकून उन्हात वाळवावी, झटकताना मुखपट्टी लावून. निघालेल्या भुशाचे काय करावे, हे आपल्या आज्यांना विचारावे लागत नसे. पिंपाच्या शेगडीत मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, बाटली हलकेच उपसली की मध्ये भोक राहायचे, आणि त्यावर दोन वेळचा स्वयंपाक व्हायचा. सागाचा, आंब्याचा निर्भेळ भुसा अजूनही असा जाळता येईल, कोणी जाळणारा भेटला तर. प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा मात्र चुलीत नको, गोठ्यात नको, कुंडीतही नको; तो वेगळ्या पिशवीत बांधून महापालिकेच्या गाडीकडे द्यावा, आणि पिशवीला गाठ मारताना तोंड दुसरीकडे वळवावे.