लपवून ठेवलेली गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्यापुढे उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. दरवर्षी मी आत फराळाच्या बश्या भरण्यात असते. यंदा मात्र चिटणीसबाईंकडे मी आपण होऊन वेळ मागून घेतला. कारण एक गोष्ट मी आपणा सर्वांपासून दोन वर्षे लपविली, आणि ती लपविणे माझ्या जिवावर बेतले होते.

मला फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढण्याचा आजार आहे. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो हा रक्तदाब नव्हे. हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांकडे रक्त पाठविते. तेथल्या बारीक वाहिन्या आकसल्या आणि जाड झाल्या, की हृदयाला फार जोर करावा लागतो व हळूहळू ते थकते. मला जिना चढताना धाप लागे, पायांवर सूज येई. सगळ्या म्हणत, "अंगात रक्त कमी असेल." मीही तेच धरून चालले होते. पुढे इको तपासणी झाली, नळी घालून आतला दाब मोजला, तेव्हा खरे कारण कळले.

डॉक्टरांनी जी गोळी दिली तिचे नाव सिल्डेनाफिल. त्या आकसलेल्या वाहिन्या ती सैल करते. दुकानात चिठ्ठी दाखविली तेव्हा तेथला मुलगा गालात हसला. कारण मागाहून समजले. हेच औषध १९९८ साली अमेरिकेत पुरुषांच्या एका तक्रारीसाठी मंजूर झाले होते. फुप्फुसांच्या ह्या आजारासाठी तेथे मंजुरी मिळाली ती २००५ साली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. गोळ्या पट्टीतून काढून मी जुन्या कुंकवाच्या डबीत ठेवू लागले. सासूबाईंना म्हटले, "शक्तीची गोळी आहे." ठाऊक होते ते फक्त ह्यांना आणि मुलीला.

गेल्या श्रावणात मंगळागौरीहून परतताना जिन्यावर माझ्या छातीत कळ आली. शेजारच्या वहिनी धावल्या आणि त्यांच्या सासऱ्यांच्या औषधातली सॉर्बिट्रेटची गोळी माझ्या जिभेखाली ठेवू लागल्या. हेतू किती चांगला! पण ती गोळी नायट्रेट जातीची. माझ्या औषधावर ती पडली, की रक्तदाब एकदम कोसळतो. माणूस दगावूही शकतो. मुलगी ओरडली, "काकू, ती नको!" १०८ ची गाडी आली, तेव्हा तिने आधी माझ्या औषधाचे नाव सांगितले. ती त्या वेळी क्लासला गेली असती तर? वहिनींना जन्मभराचा घोर लागला असता, आणि दोष माझ्या लाजेचा होता.

तेव्हापासून मी काही नियम पाळते. माझी मात्रा २० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा. ती माझ्यापुरती, दुसरीने ती घेऊ नये. एखादी गोळी विसरले तर आठवताच घेते; पण पुढचीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून देते. दोन एकदम कधीही घेत नाही. उपासाच्या दिवशीही चुकवीत नाही. ही गोळी रिकाम्या पोटी चालते. बरे वाटले म्हणून मनाने बंद करीत नाही. दुकानदाराने २० ऐवजी ५० ची पट्टी दिली तर परत करते. थोडे डोके दुखते, चेहरा तापतो, पित्त होते. ते डॉक्टरांच्या कानावर घालते. पण घेरी येऊन पडणे, छातीत दुखणे, एकाएकी दिसेनासे वा ऐकू येईनासे होणे, ह्यांत तासभरही दवडू नये. क्षयाची, बुरशीची व इतर काही औषधे हिचा जोर कमीअधिक करतात, म्हणून कोणत्याही दवाखान्यात पाऊल टाकताच हिचे नाव सांगते.

काहींना ह्या आजारात बोसेंटान किंवा त्या वर्गातली गोळी देतात. तिच्यामुळे पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकते. बोसेंटान चालू असता यकृतासाठी दरमहा रक्त तपासतात, आणि गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवता येत नाही. मुळात ह्या आजारात दिवस जाणेच आईच्या जिवाला धोक्याचे असते. लेकीसुनांनी हे डॉक्टरांना मोकळेपणी विचारावे.

आता माझ्या पर्समध्ये एक कागद असतो: आजाराचे नाव, औषधाचे नाव, मात्रा, वेळा, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'नायट्रेटची गोळी देऊ नये'. त्याची एक नक्कल सासूबाईंकडे व एक वहिनींकडे आहे. गोळ्या पट्टीतच राहतात, आणि दुकानात नाव मी मोठ्याने सांगते.

भगिनींनो, आपण दुखणे सांगतो, पण औषध लपवितो. आज घरी गेल्यावर आपापल्या औषधांचा असा एक कागद लिहा आणि शेजारणीला दाखवा. आपली गोळी दुसऱ्याला देण्यापूर्वी, "तुमचे कोणते औषध चालू आहे?" एवढे विचारा. शेजारधर्म तोही आहे.